जार जारला काढूनही ‘फॅन्टम मेनेस’ का हलत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही संकलन शिकताय आणि सरावासाठी १९९९चा ‘स्टार वॉर्स: एपिसोड १ – द फॅन्टम मेनेस’ नव्याने कापायला घेतलाय. जार जार बिंक्सचे जमतील तेवढे शॉट उडवले, मिडिक्लोरियनचा (रक्तातले सूक्ष्मजीव, ज्यांवरून ‘फोर्स’ या गूढ शक्तीची क्षमता मोजतात) उल्लेख गाळला, बरीच मिनिटं वाचवली. तरीही मित्रांना दाखवल्यावर ते मध्येच फोनकडे वळले, आणि दोन ठिकाणी तर मूळ सिनेमा पाहताना झाला नव्हता एवढा गोंधळ झाला. मग चुकलं कुठे?

चुकलं ते पहिला कट मारण्याच्या आधी. तुम्ही ‘काय खटकतं’ याची यादी केली आणि ती यादी कापली. खटकणाऱ्या गोष्टी काढल्या की सिनेमा आखूड होतो, पण बघणाऱ्याची ओढ त्याने वाढत नाही. ओढ वाढते ती प्रेक्षकाला कुणाची तरी काळजी लागली की. या सिनेमाचं मुख्य दुखणं हेच आहे: सव्वादोन तासांत काळजी कुणाची करायची, ते तो नीट सांगत नाही. ते तुम्ही ठरवलं नाहीत, तर कुठलाही शॉट ठेवायला किंवा काढायला तुमच्याकडे कारणच राहत नाही.

कट कुणासाठी करताय यावरही बरंच अवलंबून आहे. ज्याने या मालिकेचे १९७७, १९८० आणि १९८३चे जुने सिनेमे पाहिलेच नाहीत अशा दहा वर्षांच्या मुलासाठी करत असाल, तर माझा सल्ला वेगळा असता. पॉडरेस (अनाकिन जिंकतो ती वेगवान इंजिनगाड्यांची शर्यत) पूर्ण ठेवा, जार जारही बराचसा राहू द्या, कारण त्या वयाची मुलं त्याच्यावर मनापासून हसतात, आणि सिनेटर पॅल्पटिनचं गुपित गुपितच ठेवा. पण तुमच्या मित्रांना जुने तिन्ही सिनेमे पाठ आहेत असं तुम्ही लिहिलंय. अशा प्रेक्षकाच्या बाबतीत हिशेब बदलतो.

पूर्वकथेचा हिशेब मुळातच अवघड असतो. अनाकिन मरणार नाही, तो डार्थ व्हेडर होणार. ओबी-वान म्हातारा होईपर्यंत जगणार. पॅल्पटिन सम्राट होणार. हे सगळं माहीत असताना नऊ वर्षांचा अनाकिन लढाऊ विमानात बसून युद्धात शिरला, तर श्वास रोखून धरायला काही उरत नाही. ‘वाचेल का?’ हा प्रश्न पूर्वकथेत मेलेला असतो. त्याच्या जागी ‘कशाची किंमत देऊन?’ हा प्रश्न उभा करावा लागतो, किंवा ज्यांचं भवितव्य प्रेक्षकाला माहीत नाही अशा माणसांवर वेळ खर्च करावा लागतो. या सिनेमात अशी माणसं तीनच आहेत. जेडाय योद्धा क्वाय-गॉन जिन, ज्याचं नाव जुन्या तिन्ही सिनेमांत एकदाही येत नाही. अनाकिनची आई श्मी. आणि काही अंशी राणी अमिडाला.

आता कणा कुणाचा करायचा? पहिला विचार ओबी-वानचा येतो, पण चित्रीकरण त्याला साथ देत नाही. टॅटुईन या वाळवंटी ग्रहावर सगळे मोस एस्पा शहरात हिंडत असताना तो जहाजात बसून निरोप घेतो. अनाकिनशी त्याची ओळखही टॅटुईन सोडताना, धावपळीत होते. मधला सबंध तुकडा तो बाहेर आहे, त्यामुळे त्याला नायक करायला फुटेजच नाही. अमिडाला जास्त आश्वासक आहे, कारण कथा वळवणारे बरेच निर्णय तीच घेते. सिनेटमध्ये चॅन्सेलर व्हॅलोरमवर अविश्वास ठराव मागते, नबूला, आपल्या ग्रहावर, परत जायचं ठरवते, गंगन जमातीच्या बॉस नासपुढे गुडघे टेकते, नबूची कोंडी करणाऱ्या ट्रेड फेडरेशनच्या व्हाइसरॉयला पकडते. अडचण तिच्या वेषांतराची. ती राणी आहे की दासी पाद्मे, हे शेवटच्या लढाईच्या तोंडापर्यंत लपवायचं असल्यामुळे टॅटुईनवर तिला बघ्याचीच भूमिका मिळते, आणि राणीच्या पोशाखातलं तिचं सपाट, मोजूनमापून बोलणं प्रेक्षकाला जवळ येऊ देत नाही.

उरतो क्वाय-गॉन, आणि माझ्या मते त्याचीच रेषा सर्वांत सलग आहे. हा हट्टी माणूस आहे. वाटेत भेटेल त्याला सोबत घेतो: जार जारला, मग मुलाला. अनोळखी पोराच्या शर्यतीवर सगळ्यांचं भवितव्य लावतो. अनाकिनचा मालक वॉटो याच्याशी पैज लावताना फासा फोर्सने निळ्या बाजूवर वळवतो, म्हणजे मुलगा सुटतो आणि आई मागे राहते. जेडाय कौन्सिल नाही म्हणते, तरी ऐकत नाही. त्यापायी स्वतःच्या शिष्याला, ओबी-वानला, दुखावतो. मग मरतो आणि मुलाचा भार त्याच शिष्याच्या गळ्यात घालून जातो. यातलं प्रत्येक पाऊल पुढच्या अनर्थाकडे जातं आणि प्रत्येक पाऊल चांगल्या हेतूने टाकलेलं आहे. ‘स्टार वॉर्स’च्या मालिका करणाऱ्या डेव्ह फिलोनी यांनी २०२० मध्ये अंतिम द्वंद्वाचा अर्थ सांगताना हेच धरलं होतं: तिथे पणाला लागलं होतं ते अनाकिनला बाप मिळणार की नाही हे. ही रेषा सिनेमात आहे, पण तिच्यावर इतकं सामान लादलंय की ती दिसत नाही. तुमचं काम ती दिसू देण्याचं.

कामाची पद्धत सांगते. टाइमलाइन बंद करा आणि प्रत्येक दृश्याचं एक कार्ड लिहा. वरच्या ओळीत: या दृश्यात कुणाला काय हवंय. खालच्या ओळीत: दृश्य संपल्यावर कोणती गोष्ट आता मागे घेता येणार नाही. खालची ओळ रिकामी राहिली, तर ते दृश्य कितीही देखणं असो, ते काढायचं किंवा शेजारच्या दृश्यात मिसळायचं. गंगनांच्या ओटो गुंगा शहरातून निघून पाण्याखालून नबूच्या राजधानीला, थीडला, जाण्याचा प्रवास घ्या. मोठा मासा येतो, त्याला आणखी मोठा मासा खातो, मग हेच पुन्हा. निघताना तिघे होते, पोहोचताना तिघेच आहेत, कुणाचं मन बदललेलं नाही. कार्डाची खालची ओळ कोरी. हा प्रवास बोंगो ही पाणबुडी पाण्यात शिरण्यापासून थेट थीडजवळ वर येण्यापर्यंत उडवता येतो आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

हेच कार्ड जार जारला लावलं की तुमचा गोंधळ कुठून आला ते कळतं. तुम्ही त्याला मुळापासून काढायला गेलात, पण तो कथेत दोन ठिकाणी खिळ्यासारखा बसवलेला आहे. जेडायना गंगनांपर्यंत तोच नेतो. आणि राजधानीच्या ग्रहावर, कोरसांटवर, खिडकीपाशी तो अमिडालाला सांगतो की गंगन लढल्याशिवाय मरत नाहीत, त्यांच्याकडे मोठं सैन्य आहे. राणीची पुढची सगळी योजना या एका वाक्यातून निघते. हे दृश्य तुम्ही काढलंत, म्हणून शेवटी गंगनांची मदत मागायचं तिला कुठून सुचलं ते मित्रांना समजलं नाही. ते परत घाला. उलट तो जिथे फक्त विनोदासाठी आहे ते सगळं निःसंकोच कापा: मोस एस्पाच्या रस्त्यावर घाणीत पाय पडणं, जेवताना जिभेने फळ पळवणं, पॉडच्या ऊर्जापट्ट्यात तोंड घालून बधिर होणं, शर्यतीआधी त्याच्या तोंडावर पादणारा ईओपी नावाचा प्राणी, लढाईत पायाला अडकलेल्या ड्रॉइडकडून (यंत्रसैनिकाकडून) आपोआप गोळ्या सुटणं, गाडीवरून घरंगळणारे बूमा गोळे. मोठ्या चौकटीत तो मागे उभा दिसतोच, ते टाळता येत नाही, पण मागे शांत उभा असलेला जार जार कुणाला खुपत नाही.

मिडिक्लोरियनबद्दल तुम्ही बरोबर केलंत, फक्त त्या तिन्ही जागा तपासा: रात्री रक्ताचा नमुना पाठवून आकडा वीस हजारांवर असल्याचं कळतं ती, कौन्सिलपुढे क्वाय-गॉन मुलाच्या जन्माबद्दल बोलतो ती, आणि कोरसांट सोडताना प्लॅटफॉर्मवर तो अनाकिनला समजावून सांगतो ती. पहिल्या दृश्यात जखम साफ करताना अनाकिन ताऱ्यांकडे बघत बोलतो तेवढं ठेवा, नमुना पाठवण्याआधी बाहेर पडा. तिसऱ्यात मात्र सावध राहा. त्याच्या लगेच आधी ओबी-वान गुरूला म्हणतो की मुलगा धोकादायक आहे, सगळ्यांना ते जाणवतंय. हे भांडण सबंध सिनेमात सर्वांत महत्त्वाचं आहे. मिडिक्लोरियनचा भाग काढताना त्याची शेपटी चुकून तोडू नका. ओबी-वान वळून जहाजात जातो तो शॉट पूर्ण ठेवा.

सुरुवातीच्या भागाची वेगळी अडचण आहे. नबूची कोंडी व्यापारमार्गांवरच्या करावरून झाली हे आपल्याला वर सरकणाऱ्या पिवळ्या मजकुरात कळतं, पण ट्रेड फेडरेशनला राणीची सही नेमकी कशासाठी हवी, नाही मिळाली तर त्यांचं काय अडतं, हे पात्रांच्या तोंडी नीट येत नाही. इथे तुमच्या हातात एक मोठी सवलत आहे. ट्रेड फेडरेशनचे निमोइडियन रबरी मुखवट्यात बोलतात आणि त्यांचे ओठ शब्दांशी तसेही जुळत नाहीत. त्यांचा आवाज परकीय भाषेसारखा करून खाली तुमची उपशीर्षकं दिलीत, तर संवाद नव्याने लिहिता येतो. हौशी संकलकांनी हा उपाय बऱ्याचदा वापरलाय. ऐकू येणारं वाक्य उलटं वाजवून पिच थोडा खाली आणला की पुरतं. उपशीर्षकात दोनच गोष्टी सांगा: सही झाली की ताबा कायदेशीर होतो, आणि सिनेटला कळण्याआधी ती व्हायला हवी. मग राणी निसटण्याला वजन येतं. सुरुवातीचा मजकूरही नवा करा. तीन छोटे परिच्छेद, त्यात करांविषयी जास्तीत जास्त एक ओळ, आणि शेवटच्या परिच्छेदात दोन जेडाय आणि ते कुणाला वाचवायला निघालेत ते.

टॅटुईनवर घाई करू नका. इथेच बहुतेक हौशी कट घसरतात, कारण हा भाग लांब आहे म्हणून कात्री तिकडे आधी जाते. खरं तर काळजी लागावी अशी माणसं इथेच आहेत. जेवणाच्या टेबलावरचं बोलणं, श्मीने मुलाला शर्यतीत उतरू द्यायला तयार होणं, फासा, आणि निरोप: या चार जागांना हात लावू नका. निरोपाच्या दृश्यात आई ‘मागे वळून पाहू नकोस’ म्हणते तिथे मूळ कटही चांगला आहे. अनाकिन चालू लागल्यावर श्मीच्या चेहऱ्यावर आणखी दहा-बारा फ्रेम मिळाल्या तर त्या घ्या, पुढच्या दृश्याची वाइप तेवढी पुढे ढकला.

पॉडरेसबद्दल माझं मत ठाम आहे: ती या सिनेमातली सर्वांत उत्तम रचलेली गोष्ट आहे. ध्वनिरचनाकार बेन बर्टने प्रत्येक इंजिनाला वेगळा आवाज दिलाय आणि शर्यतीचा मोठा भाग पार्श्वसंगीताशिवाय चालतो, म्हणून ते आवाज ऐकू येतात. तुम्ही तिथे संगीत घातलंय असं लिहिलंत, ते काढा. वेळ वाचवायचा असेल तर दोन तोंडांचा निवेदक आणि प्रेक्षकांतले विनोदी चेहरे कमी करा. श्मी, पाद्मे आणि क्वाय-गॉन यांचे चेहरे वाढवा, कारण हरल्यास नुकसान त्यांचं आहे. तुमच्याकडे कोणती प्रत आहे तेही पाहा. २००१च्या डीव्हीडीत शर्यतीआधीची स्पर्धकांची ओळख आणि दुसरी फेरी वाढवलेली आहे, ती चित्रपटगृहात नव्हती. ते वाढीव तुकडे आधी काढा. २०११च्या ब्लू-रेमध्ये योडाची बाहुली बदलून संगणकावरचा योडा घातलाय, त्यामुळे दोन आवृत्त्यांतले शॉट एकमेकांत मिसळले तर योडाचा चेहराच बदललेला दिसतो.

कोरसांटवर सिनेटची भाषणं निम्मी करा, पण पॅल्पटिनला वाढवा. तुमच्या प्रेक्षकाला माहीत आहे की हाच सिडियस, पडद्याआडून ट्रेड फेडरेशनला हुकूम देणारा. मूळ सिनेमा हे लपवतो आणि त्यामुळे हातातलं अस्त्र वाया घालवतो. तुम्ही सिडियसचं होलोग्रामवरचं एखादं दृश्य सरकवून पॅल्पटिन-अमिडालाच्या संभाषणाच्या लगेच आधी ठेवा. एकही नवा शब्द न घालता ते सगळं संभाषण भयंकर वाटू लागतं. शेवटी तो छोट्या अनाकिनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो की तुझ्या वाटचालीकडे आम्ही मोठ्या उत्सुकतेने पाहू, तो क्षण अशा कटमध्ये अंगावर येतो.

आता शेवटची लढाई. इथे चार धागे एकत्र चालतात: मैदानावर गंगन आणि ड्रॉइड, राजवाड्यात अमिडाला, आकाशात अनाकिन, आणि दोन जेडाय विरुद्ध सिडियसचा शिष्य डार्थ मॉल. लोक म्हणतात चार धागे जास्त झाले. मला संख्येपेक्षा त्यांचं एकमेकांवर न अवलंबणं जास्त घातक वाटतं. १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये तीन धागे आहेत, पण जंगलातलं जनित्र पडलं नाही तर अवकाशातला ताफा मरतो, आणि ताफा मरताना खिडकीतून बघणारा ल्यूक त्यामुळेच डगमगतो. एका धाग्यातली घटना दुसऱ्याला ढकलते. इथे हँगरचं दार उघडून मॉल समोर येईपर्यंत तशी साखळी आहे: गंगन सैन्य बाहेर ओढतात, म्हणून राणी आत शिरते, म्हणून वैमानिक सुटतात. दार उघडलं की साखळी तुटते. त्यानंतर मॉल जिंकला काय आणि हरला काय, मैदानावर फरक पडत नाही. राणीने व्हाइसरॉयला पकडलं तरी नियंत्रण जहाजाचं काही बिघडत नाही. फक्त जहाज फुटल्यावर ड्रॉइड कोसळतात, एवढाच एक दुवा. त्यात तीन धाग्यांचा सूर गंभीर किंवा थरारक आणि दोन ठिकाणी मध्येच विनोद. निर्मितीवरच्या ‘द बिगिनिंग’ या माहितीपटात कच्चा कट पाहिल्यावर बेन बर्ट नेमकं हेच बोलून दाखवतो: दीडेक मिनिटात नायकाच्या मृत्यूचा शोक, सुटका, जार जारचा विनोद आणि अनाकिनचं परतणं, एवढ्या ठिकाणी मन ओढलं जातं. जॉर्ज लुकसलाही ते पटतं, पण प्रत्येक तुकडा पुढच्यात अडकलेला असल्याने काढणं अवघड आहे असं त्याचं म्हणणं पडतं.

तरी करता येण्यासारखं बरंच आहे. चार रंगांची कार्डं घ्या आणि मूळ सिनेमात धागा किती वेळा बदलतो ते मांडून बघा. मग अशी रचना करा की हँगरचं दार उघडल्यावर मैदानाच्या भेटी मोजक्याच राहतील: ढाल पडते, माघार आणि शरणागती, ड्रॉइड कोसळतात. एका धाग्यावर गेलात की निदान ४० ते ५० सेकंद थांबा, त्याहून कमी वेळात प्रेक्षक ठिकाण ओळखण्यापलीकडे काही करत नाही. द्वंद्वातल्या लाल ऊर्जाभिंतींपाशी क्वाय-गॉन गुडघ्यावर बसून डोळे मिटतो, मॉल पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझारा घालतो, ओबी-वान मागे अडकलेला. हा थांबा पूर्ण आणि अखंड ठेवा. भिंत उघडल्यापासून क्वाय-गॉनला घाव बसेपर्यंत आणि तिथून ओबी-वान तुटून पडेपर्यंत कुठेही जाऊ नका. त्यानंतर जायचं असेल तर फक्त शरण आलेल्या गंगनांकडे जा. दोन्हीकडे हार आहे, सूर जुळतो. मृत्यूनंतर विनोदाकडे नेणारा एकही कट ठेवू नका.

अनाकिनच्या धाग्यात नुकसान शब्दांनी केलंय. विमान आपोआप उडतं, तो चुकून जहाजात शिरतो, चुकून टॉर्पेडो सुटतात. विजय अपघाताने मिळाला की त्याला किंमत उरत नाही. चित्रात मात्र बटणं दाबणारे हात आणि एकाग्र चेहरा पुरेसा आहे. स्वयंचलित उड्डाणाबद्दलची वाक्यं, गिरकी घेण्याबद्दलचं वाक्य आणि चूक झाल्यावरचे उद्गार काढले, तर तेच शॉट मुलाने धाडसाने केल्यासारखे वाचले जातात. सोबतच्या छोट्या ड्रॉइडच्या, आर-टूच्या, बोलण्याचं भाषांतर पडद्यावर येतं, ते शॉट लपवा किंवा पट्टी कापून चौकट थोडी मोठी करा.

तांत्रिक बाजूत तुम्हाला तीन ठिकाणी ठेच लागली असणार. पहिली वाइप. या मालिकेत एक दृश्य पुसत दुसरं येतं आणि ती वाइप चित्रात भाजलेली असते. मधलं दृश्य काढलं की आधीच्या दृश्याच्या शेपटीत काढलेल्या दृश्याचा तुकडा डोकावतो. उपाय असा: वाइप सुरू होण्याच्या एक फ्रेम आधी कापा, शेवटच्या सेकंदाचा वेग ७० ते ८० टक्क्यांवर आणून थोडी लांबी मिळवा आणि २० ते २४ फ्रेमची स्वतःची वाइप घाला. कॅमेरा किंवा माणूस चालत असेल तर वेग कमी केलेला लगेच कळतो, तिथे साधा कट बरा.

दुसरी ठेच आवाजाची. संवाद काढल्यावर संगीतही तुटलं असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे तुम्ही दोन चॅनेलचा मिश्र आवाज वापरताय. ५.१चा ट्रॅक घ्या आणि क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन त्याचे सहा वेगळे मोनो ट्रॅक करा. बहुतेक वेळा तिसरा मधला चॅनेल असतो, पण ऐकून खात्री करा. संवाद मुख्यतः तिथे असतात, संगीत बरंचसं डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये. नको असलेल्या वाक्यापुरता फक्त मधला चॅनेल बंद करा. त्याबरोबर पावलं आणि कपड्यांचे आवाजही जातात आणि तिथे एक पोकळी ऐकू येते. त्याच दृश्यातून कुणी बोलत नसतानाचे दोन-तीन सेकंद उचलून ती भरा, दोन्ही टोकांना आठ ते बारा फ्रेमचा क्रॉसफेड द्या. पावलं स्वतः रेकॉर्ड केली तरी चालतात. प्रकल्पाचा फ्रेमदर २३.९७६ आहे ना तेही बघून घ्या. दाविंची रिझॉल्व्हमध्ये फुटेज आत घेतल्यावर तो बदलता येत नाही आणि २५वर काम केलं तर आवाज सरकू शकतो.

तिसरी ठेच संगीताची. जॉन विल्यम्सचं संगीत वाक्यागणिक चालतं, ते कुठेही तोडलं तर अडाणी कानालाही कळतं. ताल मोजा आणि मात्रेवर कापा, चित्राचा कट त्याच्या पाच-सहा फ्रेम अलीकडे किंवा पलीकडे ठेवा. द्वंद्वाचं ‘ड्युएल ऑफ द फेट्स’ या बाबतीत सोयीचं आहे, कारण त्यात एकच छोटी आकृती पुन:पुन्हा येते आणि सारख्या दोन आवर्तनांत जोड दडवता येतो. (त्यातला समूहस्वर संस्कृत शब्द गातो. एका जुन्या वेल्श कवितेवरून ते शब्द घेतलेले आहेत. अक्षरं नादासाठी मांडलीत, अर्थ शोधत बसू नका.) जिथे मूळ मिश्रणातून सुटका होत नाही तिथे मधला चॅनेल ठेवून बाकीचं संगीत ध्वनिमुद्रिकेतून नव्याने बसवा. २००० साली निघालेली दोन सीडींची आवृत्ती त्यासाठी उपयोगी आहे.

काही गोष्टी मात्र संकलनाने सुटणार नाहीत. नबूवर लोक मरताहेत हे आपण नबूचा राज्यपाल सिओ बिबल याच्या होलोग्रामवरून फक्त ऐकतो. छावण्या, उपाशी माणसं, मोडलेली घरं: असा एकही शॉट नाही. १९७७च्या सिनेमात यावीनच्या तळावर डेथ स्टार नेम धरतोय हा ताण संकलनात घोषणांचे आवाज आणि पडद्यावरच्या आकृत्या वापरून उभा केला होता. तुम्हीही बिबलचा आवाज अमिडालाच्या खिडकीतल्या चेहऱ्यावर सोडून थोडं साधू शकता. पण रिकाम्या रस्त्यांच्या शॉटमधून दुःख निर्माण होत नाही. ओबी-वान आणि अनाकिनमध्ये जवळीक दिसत नाही, तीही अशीच. त्या दोघांची दृश्यं लिहिलीच गेली नाहीत. हे मान्य करून लांबी ठरवा. मी या फुटेजमधून ११० मिनिटांच्या आसपास थांबले असते. त्याखाली गेलात तर टॅटुईनचा श्वास कोंडतो. आणि हा कट सरावापुरता ठेवा, कुठे अपलोड करू नका.

नवा कट दाखवताना वेगळे मित्र बोलवा आणि पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत बसा. कुणी फोन काढला की टाइमकोड लिहा. दोन वेगळ्या माणसांनी एकाच मिनिटाच्या आसपास फोन काढला, तर दोष त्या मिनिटात नसतो, बहुतेकदा चार-पाच मिनिटं आधी, जिथे कुणाला काय हवंय हे सुटलेलं असतं. सिनेमा संपल्यावर ‘आवडला का’ विचारू नका. एवढंच विचारा: क्वाय-गॉन मरताना ओबी-वानवर काय येऊन पडलं? ‘त्या मुलाची जबाबदारी, आणि त्याला ती नको होती’ असं उत्तर आलं तर कणा बसला. ‘त्याने गुरूचा सूड घेतला’ एवढंच आलं, तर कौन्सिलचं दृश्य आणि प्लॅटफॉर्मवरचं भांडण पुन्हा उघडा. तिथे काहीतरी गरजेपेक्षा जास्त कापलं गेलंय.